परवाची राख

आमच्या परसात राखेचे तीन डबे असतात आणि त्यांवर माझ्या अक्षरात तीन चिठ्ठ्या: आज, काल, परवा.

कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही. तीस वर्षं मी वाचनालयात पुस्तकांना क्रमांक देत होते. निवृत्त झाल्यावर घरात वर्गवारी करण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. मसाल्यांच्या बरण्या पहिल्या आठवड्यात झाल्या, बाबांची औषधं दुसऱ्या. मग राख.

राख येते बंबातून. आमचं गाव वणीच्या बाजूला, खाणींच्या पट्ट्यात. घरोघरी गॅस आहे, गिझर आहेत, तरी बऱ्याच परसांत अजून बंब उभा दिसतो, कारण दगडी कोळसा इथे पोत्यानं मिळतो. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. गिझरच्या पाण्यानं अंग फक्त ओलं होतं, असं त्यांचं मत आहे. हिवाळ्यात सकाळी सहाला ते कानाला मफलर गुंडाळून बंबासमोर बसतात आणि तो ध्वजारोहणाच्या गांभीर्यानं पेटवतात. अंघोळ झाली की चार निखारे शेगडीत घालून ती त्यांच्या गुडघ्यांपाशी जाते. खिडकी मी उघडते, ते लावतात, मी पुन्हा उघडते.

"हे जंगल होतं," कोळशाचा तुकडा उजेडात धरून ते सांगतात. दर हिवाळ्यात सांगतात. मी मान डोलवून सोडून द्यायची. पण एकदा पोत्यातून एक चपटा काळा दगड निघाला आणि त्यावर पान होतं. चित्र काढल्यासारखं, मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरा, टोक जरा दुमडलेलं. माणूस नावाचा प्राणी नव्हता तेव्हा ते पान कुठल्या तरी चिखलात पडलं आणि टोक दुमडलं, ते दुमडलेलंच राहिलं. बाबांनी तो दगड जाळला नाही. तो देवघराच्या फळीवर आहे. घरातल्या देवांमध्ये वयानं तोच मोठा.

तेव्हापासून मला हिशेब उलटा दिसायला लागला. आमचे वडील अंघोळीसाठी रोज एक जंगल जाळतात, आणि त्या जंगलाचं जे घमेलंभर मागे उरतं ते माझ्या वाट्याला येतं.

त्याचं करायचं काय, हा प्रश्न मात्र काही भव्य नव्हता. लाकडाची राख मऊ असते, तिनं भांडी लखलखतात. कोळशाची राख खरखरीत, करडी, कुठे तांबूस. तिनं माझ्या स्टीलच्या ताटांवर जन्माचे ओरखडे पडले. तुळशीला घातली तर तुळस पिवळी पडली. दारापुढचा खड्डा तिनं भरला, तर पहिल्या वाऱ्याला ती उठून शेजारणीच्या कुरडयांवर बसली आणि आमचं बोलणं दोन महिने बंद झालं.

मग गल्लीत नवी घंटागाडी आली. वॉर्डातल्या एका उत्साही मंडळानं तिचं स्वागत करायचं ठरवलं. मांडव, झेंडूचा हार, शाल-नारळ, सत्कार, सत्काराला उत्तर. पाहुण्यांना झाडण्यासाठी कचरा हवा होता आणि रस्ता नेमका स्वच्छ होता, म्हणून कुणीतरी निंबाची पानं तोडून आणून पसरली. पाहुण्यांनी ती हिरवीगार पानं भक्तिभावानं झाडली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, कारण माझ्या दाराआड राखेच्या चार बादल्या वाट पाहत होत्या.

चौथ्या दिवशी ती गाडी गल्लीच्या टोकाला उभी राहून धूर सोडत होती. माझी राख, वरून हात लावला तर गार, आत मात्र जिवंत निघाली होती. पुठ्ठे पेटले, आणि अजून न काढलेला सत्काराचा हारही गेला. लोकांनी चार घागरी ओतून आग विझवली. गाडीवाला माझ्या दारात आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मावशी, कचरा द्या. आग नका देऊ."

तिथून हे तीन डबे आले. आजची राख आजच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी ती कालच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी चाळणीतून काढून परवाच्या डब्यात. परवाची राख म्हणजे मेलेली राख, निर्धोक. ही पद्धत मला इतकी आवडली की राखेला वरून हात लावून बघायचंही मी बंद केलं. चिठ्ठी वाचली की पुरे.

आता याडीबद्दल. बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर टोपली टेकवणारी ही बाई झरीकडच्या एका तांड्यावरची, सत्तरीच्या आसपासची. तिचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता कोरडवाहू शेती करतात, आणि ती हिवाळ्यात बांधावरच्या वालाच्या शेंगा घेऊन एसटीनं बाजाराला येते. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडी म्हणते. ती मला बाई म्हणते आणि माझ्या वडिलांना, त्यांच्या तोंडावर, बुढा. तहसील कचेरीत पूर्वी कुणाची अशी हिंमत नव्हती. तिच्या वालाच्या शेंगेला जांभळा काठ असतो. तो वाल वांग्यात शिजला की बाबा जेवताना एक शब्द बोलत नाहीत, यावरून चवीची कल्पना यावी.

त्या दिवशी ती आली तेव्हा डोक्यावर टोपली होती आणि काखेत एक छोटं गाडगं. तोंडाला फडकं बांधलेलं.

"याडी, यात काय?"

"बियाणं. वालाचं. राख दे मले."

"राख? तांड्यावर राख नाही?"

"कुठची राख आता? सून गॅसवर रांधते. चूल लिपून-सारवून देवासारखी ठेवली हाय, पेटवत कोणी नाई. शेजारी गेलती मागाले, तिथंबी गॅस. अख्ख्या तांड्यात मूठभर राख भेटंना बाप्पा!"

मला हसू आलं. इकडे मी राख कुणी फुकट नेईना म्हणून हैराण, आणि ज्यांच्या बैलांनी मुलूखभर मीठ पोचवलं त्यांच्या घरची बाई राखेसाठी गाडीचं तिकीट काढून आलेली. पण ती हसली नाही. तिनं फडकं सोडून मला दाणे दाखवले. दोन-तीन ओंजळी असतील. तांबूस-काळे, एका कडेला पांढरी रेघ.

"भुंगा लागून राह्यला. हे पाह्य भोकं. औंदा पाण्यानं सगळ्यायचे वेल सडले. माह्या बांधावरचा एक राह्यला. सासूनं मले देल्लं होतं, तिले तिच्या सासूनं. आता जे हाय ते याच्यातच हाय. हे गेलं तं वाल गेला."

मी तिला परसात नेऊन परवाचा डबा उघडून दाखवला. तिनं वरची चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"हिले चव नाई. लाकडाची राख जिभेले झोंबते. हे तं माती हाय."

इथे माझ्यातली तीस वर्षं उभी राहिली. मी तिला सांगितलं की किडा राखेच्या चवीनं मरत नाही. बारीक भुकटीत त्याला फिरता येत नाही, त्याचं अंग कोरडं पडतं, म्हणून मरतो. राख कोरडी आणि बारीक हवी, मग ती लाकडाची असो की कोळशाची.

"पुस्तकात हाय?"

"आहे."

"मंग असंन." तिनं पुन्हा एक चिमूट बोटांत चोळली. "बारीक तं हाय. थंडी हाय ना?"

"परवाची आहे," मी डब्यावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

बाजाराला उशीर होत होता. गाडगं तिनं माझ्या हवाली केलं आणि भरायची रीत सांगितली: खाली राख, मग दाणे, मग राख, पुन्हा दाणे, असे थर. वर चार बोटं राख. तोंडावर शेणमातीचं लिंपण. "सावलीत ठेवजो. चारच्या गाडीआधी येऊन घेऊन जाईन."

मी मन लावून काम केलं. डबा उन्हात होता, पत्रा कोमट लागला, उन्हात पत्रा लागतोच. लांब दांड्याच्या डावानं राख काढली, म्हणजे हात मळायला नकोत. तीन थर दाण्यांचे, चार राखेचे. लिंपण सुरीनं सारखं केलं. आणि हे सांगताना आता जीभ जड होते, पण गाडग्यावरही मी एक चिठ्ठी लावली: वाल, जांभळा काठ, बियाणे. गाडगं पडवीत सावलीला ठेवून मी समाधानानं जेवले.

याडी साडेतीनला परत आली. टोपली रिकामी होती, ती खुशीत होती. बाबांना म्हणाली, "काय बुढ्या, झाली का आंघोळ? का अजून पाणीच तापून राह्यलं?" बाबा कौतुकानं रागावले. मग ती गाडगं उचलायला वाकली आणि थांबली. तिनं लिंपणावर बोट फिरवलं.

"हे इतक्यात वाळलं काहून?"

लिंपणाला बारीक चिरा गेल्या होत्या. शेणमातीला सावलीत एक अख्खा दिवस लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं गाडग्याच्या पोटाला तळवा लावला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात. ओट्याच्या कडेवर मातीची खपली फोडली आणि सगळं गाडगं गोणपाटावर उपडं केलं.

फुटाण्यांचा खमंग वास आला. खोलीतून बाबांनी विचारलं, "वाल भाजले का ग?"

पडवीत अंधारं असतं. त्या करड्या ढिगात ज्वारीच्या दाण्याएवढा एक तांबडा ठिपका होता. वाऱ्याची झुळूक आली तसा तो उजळला, मग मंदावला. डोळ्यांदेखत तो श्वास घेत होता. मी नुसती बघत राहिले. भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर या दोन्हींच्या वर काहीतरी वाटलं. बाबांच्या पोत्यातल्या त्या जंगलानं कधी काळी जे ऊन प्यायलं होतं, त्याचा एवढासा थेंब अजून विझायला तयार नव्हता.

"ही परवाची राख आहे," मी म्हणाले.

बाबा काठी टेकत दारात आले. त्यांना घडलं ते कळायला वेळ लागला, आणि मग त्यांचा चेहरा पडला. मागच्या बाजारीच याडी बोलली होती की पुढल्या खेपेला बारीक चाळलेली राख लागेल. मी ते विसरले होते. बाबा विसरले नव्हते. तिला भरपूर मिळावी म्हणून, सकाळी मी दूध आणायला गेले असताना, त्यांनी बंबातली ताजी राख स्वतः चाळली आणि चाळलेली राख परवाच्या डब्यात, हा माझा नियम धरून, चिठ्ठ्या वाचून नीट त्यात ओतली. निवृत्तीनंतर घरकामात त्यांनी केलेली ही पहिली मदत होती.

"मी नियमानंच टाकली," ते म्हणाले.

याडीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. "एक बुढा, एक बाई, तीन डबे. आन हात घालून पाहाले कोणी नाई." तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे ते वाक्य माझ्या अंगावरून अजून उतरलेलं नाही.

चारची गाडी गेली. ती गोणपाटापाशी बसून राहिली. मला वाटलं ती रडेल. ती दाणे निवडत होती. गाडगं उपडं झालं तरी ढीग थराथरानं पडला होता. वरचे दाणे, मधले, खालचे, असे तिनं तीन वाटे केले. हे वाटे मला दिसत नव्हते, तिला दिसत होते. एखादा दाणा दातात धरून बघायची, एखादा नखानं टोकरायची. मधले दाणे करपले होते, हे मलाही कळलं. वरचे आणि खालचे दिसायला धड होते, पण दिसण्यावरून दाणा मेला की जिवंत हे कळत नाही, ती म्हणाली. ऊब आतूनच मारते.

तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीचे तीन तुकडे फाडले. प्रत्येक वाट्यातले दहा-दहा दाणे एकेका ओल्या चिंधीत बांधले. वरच्यांच्या चिंधीला एक गाठ, मधल्यांच्या दोन, खालच्यांच्या तीन.

"हे तुह्या बंबापाशी बांध. रोज पाणी शिंपड. थंडीत त्याले ऊब लागते."

"बंबापाशी?" मी विचारलं. "पुन्हा माझ्याकडे?"

"मंग कोठं? तांड्यात गॅस हाय ना." आणि माझा हात धरून तिनं तो बंबाच्या पत्र्यावर ठेवला, दोन वीत खाली सरकवला, आणखी थोडा बाजूला. "इथं. इथं कोंबडीच्या पोटाएवढी ऊब हाय. इथंच बांधजो."

बाकीचे दाणे पदराच्या टोकात बांधून ती सहाच्या गाडीनं गेली. गाडगं माझ्याकडे राहिलं.

पुढचे सात दिवस मी आणि बाबा त्या तीन चिंध्यांचे पहारेकरी झालो. मी आयुष्यात बरीच जाडजूड पुस्तकं शेवट काय होतो या उत्सुकतेनं वाचली आहेत, पण एवढी धडधड कुठल्याही शेवटच्या पानाला झाली नव्हती. बाबा सकाळी बंब पेटवण्याआधी चिंध्यांना हात लावायचे, पेटवल्यावर लावायचे, अंघोळीनंतर पुन्हा. कोळसा कमी घालायला लागले. पाणी कोमट यायचं. त्यांनी तक्रार केली नाही. चिंध्या सोडायच्या नाहीत, अशी याडीची ताकीद होती. पाचव्या दिवशी दोन गाठींच्या चिंधीतून आंबूस वास यायला लागला. बाबा म्हणाले, "मधले गेले." दोन दिवस त्यांनी जांभळ्या काठाचा विषय काढला नाही.

बाजाराच्या दिवशी याडी आली, टोपली ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली आणि सरळ परसात गेली. आधी तिनं दोन गाठींची चिंधी सोडली. दहाही दाणे बुळबुळीत झाले होते. तिनं ते मातीत टाकले. मग तीन गाठींची. वरून सगळे सारखेच फुगलेले दिसत होते. तिनं एकेक दाणा तळहातावर उलटा केला. चार दाण्यांना पांढरा मोड होता, नखाएवढा, वाकडा.

एका गाठीची चिंधी सुटेना, गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. तिनं दातानं सोडली. आत सात दाण्यांना मोड आले होते. एका मोडाच्या टोकाला तर फिकट पानाची घडी दिसत होती, मधून दुमडलेली. देवघराच्या फळीवरचं पान मला आठवलं. ते दुमडलेलंच राहिलं, हे उलगडणार होतं. दोन शिकलेली माणसं ओल्या चिंधीपुढे हात जोडल्यासारखी उभी होती. मांडव नव्हता, हार नव्हता.

"हाय," याडी म्हणाली. "वाल हाय."

मोडाचे दाणे तिनं तिथेच कुंपणाच्या कडेला बोटानं भोकं पाडून लावले. मग पदराची गाठ सोडली. करपलेले तिनं घरीच वेगळे काढले होते, आणि वरच्या नि खालच्या दोन्ही वाट्यांतला अर्धा वाल ती माझ्यासाठी घेऊन आली होती. एका घरी ठेवून भागत नाही, हे तिला यंदाच्या पाण्यानं शिकवलं, की मी, ते तिनं सांगितलं नाही.

"राख दाखव."

मी परवाचा डबा पुढे केला. तिनं चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. बांगड्या मागे सारल्या आणि हात कोपरापर्यंत आत घातला, तळाला टेकवला, आणि थांबली. कुणी विहिरीत दोर सोडून खाली काय हाताला लागतंय याचा अंदाज घ्यावा, तशी. मग हात काढून मला म्हणाली, "घाल."

इतकी वर्षं ही राख मी उचलते, चाळते, ओतते, पण डावानं, घमेल्यानं, फावड्यानं. हात असा मी कधीच घातला नव्हता. वरची राख उन्हानं कोमट होती. मनगटापाशी ती गार झाली. कोपरापाशी, तळाला, ती रांजणातल्या पाण्यासारखी थंड होती, आणि इतकी मऊ की बोटं आहेत की नाहीत कळेना. एवढं मोठं जंगल, आणि शेवटी ते माझ्या हाताला असं लागलं.

"थंडी?"

"थंडी."

"मंग भर."

गाडग्यात थर मी घातले, या वेळी ओंजळीनं. लिंपणही बोटांनी केलं, सुरी घेतली नाही. ते ओबडधोबड झालं. याडीनं पाहून मान हलवली आणि टोपली डोक्यावर घेताना म्हणाली, "चिठ्ठी लाव बाई. तुले तिच्याशिवाय दिसत नाई." बाबा मोठ्यानं हसले. मी चिठ्ठी लावली.

ती बाजाराला गेल्यावर मी बारा वाजता एकदा पडवीत जाऊन आले, दोनला एकदा, साडेतीनला ती परत यायच्या आधी एकदा. बाबाही जाऊन येत होते, मला न सांगता. संध्याकाळी दिवा लावताना मी शेवटचं बोट फिरवलं. लिंपण अजून ओलं होतं.